खोलीचा आवाज

मालिकांच्या जगात सगळे तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे घाईबाई. तिला ते ठाऊक होतं. ठाऊक असूनही तिनं कधी कुणाची खरडपट्टी काढली नाही. एक तर नाव चपखल होतं, आणि खरडपट्टी काढायला वेळ कुणाला होता? रोजचा भाग रोज टीव्हीवर जायचा म्हणजे जायचाच. नायिका तापानं फणफणो, सासूचं काम करणारी बाई रुसून बसो, नाहीतर सेटवरचा जिना मोडून पडो. संध्याकाळी लोक टीव्हीसमोर बसले की त्यांना भाग दिसलाच पाहिजे. घाईबाईनं वीसेक वर्षं तो दाखवला. नटाच्या तोंडून शेवटचा शब्द पडतोय न पडतोय, तोच तिचा 'कट' सुटायचा. कधीकधी तर शब्द अर्धा आतच राहायचा. "कळतं हो लोकांना पुढचं," ती म्हणायची. "चला, पुढचा शॉट!"

घरीही तीच तऱ्हा. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि माणूस स्वभावानं निवांत. गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे एक भिंग धरायचं, मग दुसरं, आणि विचारायचं, "हे बरं की आधीचं?" मग थांबायचं. गिऱ्हाईक गोंधळो, डोळे चोळो, पहिलं भिंग परत मागो, हा आपला थांबलेला. घरात मात्र बिचाऱ्याचं एक वाक्य धड पुरं होईल तर शपथ! "अगं, मी काय म्हणत होतो..." एवढं त्यानं म्हणायचा अवकाश, "गॅस संपलाय, माहितीये, फोन केलाय," असं म्हणून ही मोकळी. बहुतेक वेळा हिचा अंदाज बरोबर निघायचा, हीच तर पंचाईत. उरलेल्या वेळी त्याला काय म्हणायचं होतं ते त्याचं त्याला ठाऊक.

आता तुम्ही म्हणाल, असल्या बाईला प्रेमाचे हलकेफुलके सिनेमे काढायची हौस कुठून आली? अहो, तिची खरी हौस तीच होती. ऐन तिशीत तिनं पहिला सिनेमा काढला. दोन शेजारी, मधे एक भिंत, आणि त्या भिंतीत खिळा ठोकण्यावरून जुंपलेलं भांडण. लोक हसून हसून बेजार झाले. रस्त्यात अनोळखी बायका तिचा हात धरून म्हणायच्या, "तो खिळ्याचा सिनेमा तुमचाच ना?" दुसरा सिनेमा मात्र असा दणकून आपटला की थिएटरात घरचेच लोक तेवढे पाय पसरून बसले होते. मग कुणी उभं करीना. ती तात्पुरती म्हणून टीव्हीकडे वळली आणि तिथंच तिचे केस पांढरे झाले. चार मालिका गाजल्या, घर झालं, गाडी झाली. पण कुणी 'तो खिळ्याचा सिनेमा' म्हटलं की ती अजूनही विषय बदलायची.

म्हणून तिच्या मालिकांवर गब्बर झालेल्या निर्मात्यानं, ज्याला सगळे साहेब म्हणत, एक दिवस "काढा मॅडम, एक सिनेमा काढाच तुमच्या मनासारखा" म्हटलं, तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं. साहेबांनी पुढे एक शेपूटही जोडलं होतं. "जमला तर पुढचेही तुम्हीच करा. नाही जमला तर काय, आपली नवी मालिका आहेच." नवी मालिका म्हणजे पाच बहिणी आणि एक बंगला, नातवंडं होईपर्यंत चालेल अशी. तिच्या अंगावर काटा आला. आता पन्नाशी उलटली होती. हा सिनेमा गेला की चौथा कुणी देणार नव्हतं, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

सिनेमा होता ड्रायव्हिंग स्कूलवरचा. हिरॉईन गाडी शिकवणारी, कडक, शिस्तीची. हिरो तिचा विद्यार्थी, लायसन्सच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास होणारा. दोघं शिकवणीच्या त्या छोट्याशा गाडीत भांडतात, भांडतात आणि प्रेमात पडतात. प्रत्येक शिकवणीत गाडीला नवा ओरखडा पडायचा. पडलेला ओरखडा काही पुसता येत नाही, म्हणून बराचसा सिनेमा क्रमानंच शूट करावा लागला. ही ओरखड्यांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

शूटिंगला आवाज घ्यायला आला तो कानसेन. खरं नाव काहीही असो, युनिटमध्ये तो कानसेनच. दोन खोल्या पलीकडे कुणी शिंकलं तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची. पहिल्याच दिवशी घाईबाईचा 'कट' सुटला, "पुढचा शॉट" झालं, तेवढ्यात हा हात वर करून उभा.

"मॅडम, कुणी हलू नका. मला खोलीचा आवाज घ्यायचाय."

"खोली कुठं बोलतेय?"

"तेच तर. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. तुम्ही वाक्यं कापून जोडता, तेव्हा मधे भोकं पडतात. ती बुजवायला त्याच जागेची शांतता लागते. अर्धं मिनिट द्या, आणि सगळे जिथं आहेत तिथंच, जसेच्या तसे."

मालिकेत ही भानगड नव्हती. भोक पडलं की ढॅण ढॅण संगीत टाकायचं आणि सासूच्या तोंडावर तीनदा कॅमेरा न्यायचा. अर्धं मिनिट नुसतं उभं राहायचं म्हणजे घाईबाईला शिक्षाच वाटली. पण सिनेमा करायचा तर सिनेमासारखा करायचा, म्हणून तिनं दात ओठ खात होकार दिला. कानसेननं आणखी एक अट घातली. "शॉट पसंत पडला की 'कट' म्हणू नका. तुमचा कट ऐकला की लोक सुटतात, खुर्च्या ओढतात, कुणी खोकतं. थेट 'शांतता' म्हणा. झालं की मी सांगतो."

त्या दिवसापासून तसंच सुरू झालं. शॉट बिघडला तर 'कट', साधला तर 'शांतता!' मग सगळं युनिट जागच्या जागी थिजायचं. हिरो-हिरॉईन गाडीत जशी बसली असतील तशीच. घाईबाई डोळे मिटून पुढच्या शॉटचा हिशेब करायची. आणि कानसेन कपाळाला आठ्या घालून पुटपुटायचा, "कुठून तरी घरघर येतेय." त्यानं फ्रिज बंद करायला लावले, पाण्याचा पंप बंद करायला लावला. एकदा तर शेजारच्या आइस्क्रीमच्या दुकानातलं यंत्र बंद ठेवायला लावून दुकानदाराचं अर्धं आइस्क्रीम पातळ केलं. घरघर काही थांबली नाही.

शूटिंग आटोपलं, सिनेमा जोडून झाला. एडिटर तिची कॉलेजातली मैत्रीण, त्यामुळे तिथं मॅडम-बिडम काही नव्हतं. पहिल्या जोडणीनंतर घाईबाईनं एका दुपारी नवऱ्याला एडिटिंगच्या खोलीत आणून बसवलं. त्यानं शांतपणे सगळा सिनेमा पाहिला, चष्मा काढला, पुसला. "छान आहे," तो म्हणाला. "पण..."

"पण लांबलाय. माहितीये मला. मधली दहा मिनिटं काढतेय."

त्यानं चष्मा परत नाकावर चढवला आणि तो दुकानात गेला.

साहेबांनी मात्र आपलं 'पण' पुरं केलं. त्याच आठवड्यात ते येऊन सिनेमा बघून गेले. "मॅडम, दोघं भांडतात झकास. पण प्रेमात कधी पडली? मी पाणी प्यायला उठलो तेव्हा पडली का?"

एडिटरनं ओठ चावला. घाईबाईला हसू आलं नाही.

"शेवटी तो मोठं भाषण ठोकतो, 'तुझ्याशिवाय मला रस्ता दिसत नाही' वगैरे," साहेब म्हणाले. "तेव्हा मला कळलं की अरेच्चा, प्रेम आहे वाटतं! असं नाही चालत. शनिवारी मी सासूबाईंना घेऊन येतो. त्यांना पटलं तर लावू थिएटरात. नाही पटलं तर शेवट दुसऱ्या कुणाकडून तरी नवा करून घेऊ. तुम्ही मालिकेकडे वळा. राग मानू नका."

साहेब उभ्या जगात कुणाला भीत नसत, एक सासूबाई सोडून. या सासूबाईंची ख्याती अशी की सिनेमा सुरू झाला की त्यांचं तोंडही सुरू. "हा आता खोटं बोलणार बघ." "ही साडी हिला शोभत नाही." आणि सिनेमावरून मन उडालं की त्या म्हणायच्या, "जावईबापू, चहा सांगा." ज्या सिनेमात हा चहा मागितला गेला, तो सिनेमा संपला म्हणून समजायचं. साहेबांनी त्या चहावर दोन सिनेमे अर्ध्यात सोडले होते.

घाईबाईच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवसापासून ती आणि एडिटर खोलीत कोंडून घेऊन सगळं चित्रीकरण पहिल्यापासून धुंडाळायला बसल्या. कुठं तरी, एखाद्या तरी शॉटमध्ये, ती दोघं एकमेकांकडे नीट बघताना सापडावीत. सापडेनात. कशी सापडणार? शेवटचा शब्द झाला की बाईंचा आवाज यायचा, आणि आवाज आला की एडिटर तिथून कात्री चालवायची.

"तू ना, जरा श्वास घेऊ देत नाहीस कुणाला," एडिटर वैतागून म्हणाली. "तुझ्या शॉटला पुढे कामाचं काही नसतंच. ही दोघं बोलणं संपलं की मरतात का?"

घाईबाईला ते लागलं. खरं होतं म्हणूनच लागलं. वीस वर्षं कापण्यात गेली, आता हात दुसरं काही शिकणार नाही, असं तिला वाटलं आणि डोळे भरून आले. तिनं ते पदरानं झटकन पुसले.

तेवढ्यात एडिटरच्या आईचा फोन आला. आईचा फोन म्हणजे गुडघेदुखीपासून सुरुवात. एडिटर "हो गं आई, हो गं आई" करत खोलीबाहेर गेली आणि पडद्यावरचा शॉट थांबवायचा राहून गेला. हिरो दुसऱ्यांदा नापास होतो तो प्रसंग. गाडीत दोघं. हिरॉईनचं शेवटचं वाक्य झालं, "ब्रेक डावीकडे नसतो, किती वेळा सांगू?" मग घाईबाईचा स्वतःचा आवाज आला, "शांतता!"

आणि शॉट पुढे चालूच राहिला.

ती सरसावून बसली. गाडीत दोघं गप्प. कुणी हलत नाही. मग हिरोच्या पोटात गुडगुड झाली, चांगली ऐकू येण्याजोगी. त्यानं डोळे गच्च मिटले. हिरॉईननं ओठ आवळले, मान खाली घातली, तिचे खांदे थरथरायला लागले. थोड्या वेळानं तिनं तिरप्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. तोही बघत होता. दोघांनाही हसायचं होतं, दोघांनाही हसायची बंदी होती. ती त्याच्याकडे जे बघत राहिली! अख्ख्या सिनेमात घाईबाई तेच शोधत होती.

"ए!" ती ओरडली. "ठेव तो फोन! इकडे ये!"

एडिटर धावत आली. "हे? हे तुझं शेपूट आहे. प्रत्येक चांगल्या शॉटला आहे. मला वाटलं नुसत्या आवाजासाठी असतील, म्हणून मी बघितलीच नाहीत. ही अर्ध्या अर्ध्या मिनिटाची शेपटं कशाला घेतलीस?"

"मी घेतली?"

कॅमेरावाल्या भाऊला फोन लावला. भाऊ मालिकेपासून तिच्याबरोबर. फार पूर्वी एकदा त्यानं कट म्हणायच्या आत कॅमेरा बंद केला आणि नेमकी नटीला मनापासून फुटलेली हसण्याची उकळी हुकली, तेव्हा घाईबाईनं त्याची अशी हजेरी घेतली होती की त्यानं कानाला खडा लावला.

"मॅडम, तुम्ही कट कुठं म्हणालात?" भाऊ निरागसपणे म्हणाला. "तुम्ही शांतता म्हणायचात. तुमचा कट ऐकल्याशिवाय मी बंद करत नाही. लोक उठून जायला लागले की मगच करायचो."

घाईबाईनं कपाळावर हात मारून घेतला आणि मग ती हसायला लागली. जन्मभर कट कट करणारी बाई या एका सिनेमात नेमकी चांगल्या शॉटला तो शब्द गिळून बसली होती, आणि तेवढ्यानं हा ऐवज साठला होता!

त्यांनी सगळी शेपटं क्रमानं लावली. सिनेमा ओरखड्यांमुळे क्रमानं शूट झालेला, त्यामुळे शांतताही क्रमानं हाती आल्या. सुरुवातीच्या दिवसांत दोघं परकी. तो खिडकीबाहेर बघतोय, ती नखं. मग पोटाची गुडगुड. मग एक दिवस तिनं आवाज न करता त्याच्या कॉलरवरचा दोरा काढला. मग त्यानं तिच्या मांडीवरची सरकणारी पिशवी पडायच्या आत अलगद धरली. पुढे पुढे तर 'शांतता' शब्द ऐकला की दोघांच्या चेहऱ्यावर, चला, आता आपली वेळ झाली, असा भाव यायचा.

"पण हे प्रेम नाही गं," घाईबाई हळूच म्हणाली. "ही दोघं नुसतं हसू दाबतायत. तिचं तर दुसरीकडे लग्न ठरलंय."

"मग काय झालं? दोघांनाच ठाऊक असलेलं काहीतरी आहे आणि ते बाकीच्यांपासून लपवायचंय. लोकांना एवढं पुरे. तुझ्या संवादांनी काय दिवे लावले?"

हे मात्र तिनं निमूट ऐकून घेतलं.

नटांना न विचारता लावणं बरं नव्हे, म्हणून तिनं दोघांना फोन केले. हिरॉईन खिदळली. हिरो बिचारा हबकला. "मॅडम, माझं पोट? मोठ्या पडद्यावर?" पण तोही तयार झाला.

गडबड केली ती कानसेननं. त्याला बोलावून शॉट दाखवले तर तो ताडकन उभाच राहिला. "म्हणजे ती घरघर कॅमेऱ्याच्या पंख्याची? आणि मी जगाचे फ्रिज बंद करत फिरलो? त्या आइस्क्रीमवाल्याची माफी कोण मागणार?" तो रागानं लाल झाला. "माझी एकही शांतता धड नाही. मी ही देणार नाही. नाव माझं जाईल."

"अहो, लोक बघतील की ऐकतील?"

"माझे लोक ऐकतात!"

शेवटी घाईबाईनं त्याच्यासमोर हात जोडले. मस्करीत नाही, खरेच. "मला मालिकेकडे परत नाही जायचं. एवढं सांभाळून घ्या." कानसेन बराच वेळ धुमसत राहिला. मग हेडफोन कानाला लावून तोंड फिरवून बसला आणि ती घरघर हळूहळू विरवत गेला. मधेच म्हणाला, "थोडी राहू द्या. गाडीचीच वाटेल." त्याचा राग तिथं उतरला, पण आइस्क्रीमवाल्याकडे मात्र त्यानं तिलाच पाठवलं.

राहिला शेवट. हिरो परीक्षेत पास होतो. गाडीत दोघं. ती म्हणते, "उद्यापासून यायची गरज नाही." पुढच्या प्रसंगात त्याचं ते भाषण, घाईबाईनं स्वतः बसून लिहिलेलं, तिच्या फार आवडीचं. आणि 'यायची गरज नाही'च्या मागं एक शेपूट होतं. त्यात हिरोचे डोळे हळूहळू भरत जात होते, नाकाचा शेंडा लाल होत होता, चेहरा पिळवटत होता. हिरॉईन आधी दचकली, मग घाबरली, आणि मग तिनं गिअरवरच्या त्याच्या हातावर आपला हात घट्ट दाबून धरला. तो तिच्याकडे बघत राहिला, ती त्याच्याकडे. एक थेंब गालावर ओघळला.

"रडलास कशानं रे?" घाईबाईनं हिरोला फोनवर विचारलं होतं.

"रडलो कुठं? शिंक येत होती, मॅडम! कानसेन मारेल म्हणून दाबली. तिला कळलं, तिनं हात दाबला. म्हणाली नाही काही, पण मला कळलं, दाब म्हणतेय."

एडिटरनं विचारलं, "भाषण ठेवायचं की काढायचं?"

भाषण काढलं तर सिनेमा नुसत्या शांततेवर संपणार होता. एक शब्द नाही, संगीत नाही. आणि समोर कोण, तर तोंडाला कुलूप माहीत नसलेल्या सासूबाई. पण भाषण ठेवलं तर शांतता कापणारा आपला जुना हात घाईबाईला त्यात दिसला असता. "काढ," ती म्हणाली, आणि लगेच पाठ फिरवून खिडकीशी गेली.

शनिवारी छोट्या थिएटरात साहेब, त्यांच्या सासूबाई, एडिटर, कानसेन, भाऊ असे सगळे जमले. नवऱ्यालाही तिनं बोलावलं होतं. तो दुकान बंद करून आला आणि मागच्या रांगेत तिच्या शेजारी बसला.

सिनेमा सुरू झाला आणि सासूबाईही सुरू झाल्या. "ही मास्तरीण फार आखडू आहे." "अरे मेल्या, तो आरसा बघ ना आधी!" "जावईबापू, तुम्ही असेच शिकलात, आठवतंय? आमचं फाटक पाडलंत." साहेब अंधारात चुळबुळले. मग पहिली शांतता आली. सासूबाई म्हणाल्या, "आवाज गेला वाटतं." घाईबाईनं डोळे मिटले. मेले, तिला वाटलं, आता चहा येणार.

मग पोटाची गुडगुड झाली आणि सासूबाई फुस्सकन हसल्या. "भूक लागली पोराला!" हसता हसता त्या थांबल्या. पुढच्या शांततेत त्या फक्त "अगंबाई" म्हणाल्या. कॉलरवरचा दोरा काढला तेव्हा तेवढंही म्हणाल्या नाहीत. घाईबाई आता पडद्याकडे बघतच नव्हती. तिचे डोळे पुढच्या रांगेतल्या त्या पांढऱ्या अंबाड्यावर खिळले होते. अंबाडा हलत नव्हता.

शेवटचा प्रसंग आला. "उद्यापासून यायची गरज नाही." शांतता. हिरोचे डोळे भरायला लागले. सगळ्या थिएटरात कुणी हलत नव्हतं, फक्त कानसेननं ठेवलेली ती किंचितशी घरघर. हिरॉईनचा हात गिअरकडे गेला. आणि तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला.

"जावईबापू..."

दुसऱ्या बाजूला बसलेल्या एडिटरनं घाईबाईचा दंड धरला.

"...रुमाल द्या हो."

साहेबांनी खिसे चाचपले, रुमाल सापडेना. शेवटी भाऊनं गळ्यातला नॅपकिन पुढे केला. पडदा अंधारला तरी सासूबाई नाक पुसत होत्या. "मी तुम्हाला सांगते," त्या मागे वळून म्हणाल्या, "असं बघणारं माणूस मिळायला नशीब लागतं. तो रडला ना, तेव्हा मलाही राहवलं नाही. कुणी काढलाय हा सिनेमा?"

"मी," घाईबाई म्हणाली.

"तो खिळ्याचा सिनेमा पण तुमचाच ना? मग मधली वर्षं कुठं होता तुम्ही?"

मधली वर्षं सासूबाई रोज संध्याकाळी तिचीच मालिका बघत होत्या, पण हे सांगायची ती वेळ नव्हती. शिंकेचंही कुणी बोललं नाही. कानसेन छताकडे बघत मूग गिळून बसला होता. साहेब उठून तिच्यापाशी आले. "मॅडम, लावू या. आणि पुढच्या सिनेमाची गोष्ट काय आहे, विचार करून ठेवा." पाच बहिणींच्या बंगल्याचं त्यांनी नावही काढलं नाही. तिचा जीव भांड्यात पडला आणि तिला भडभडून आलं, ते तिनं या वेळी लपवलं नाही. एडिटरनं तिला मिठी मारली.

सगळे पांगले. ती आणि नवरा गाडीत येऊन बसली. त्यानं किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"अहो," ती म्हणाली, "हे बरं की आधीचं?"

त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला. तिच्या जिभेवर उत्तर तयार होतं. तिनं ते आवरलं. समोर पार्किंगची भिंत होती, तिच्यावर कुणाच्या तरी गाडीनं ओढलेला एक लांब ओरखडा होता. गाडीत काही आवाज नव्हता. मग तिला जाणवलं, काही नव्हतं असं नाही. त्याचा श्वास होता, तिचा होता, आणि बाहेरचा कसलासा बारीक आवाज होता. इतक्या वर्षांत तिनं हा कधी ऐकलाच नव्हता.

"हे," तो शेवटी म्हणाला.

"त्या दिवशी तुम्ही 'पण' म्हणाला होतात. मी पुढचं बोलू दिलं नाही. काय होतं ते?"

"तेच. ती दोघं एकमेकांचं बोलणं संपू देत नाहीत, असं म्हणणार होतो." तो थोडा हसला. "लांबलाय असं नव्हतं."

तिनं मान खाली घातली. किती 'पण' असे गेले असतील, तिला मोजवेना. त्यानं किल्लीला हात लावला, परत काढला.

"अगं, मी काय म्हणत होतो..." त्यानं सुरुवात केली आणि सवयीनं तिच्याकडे बघत थांबला.

दुकान, दूध, उद्याची वीज दुरुस्ती, सगळे अंदाज तिच्या तोंडाशी आले. तिनं ओठ मिटले आणि सीटवर त्याच्या बाजूला नीट वळून बसली.

"बोला ना," ती म्हणाली. "मला घाई नाही."